अडतिसावं पोतं

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या एका अडत दुकानात एक दिवाणजी होते. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरी गादी पाहिली नाही. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोत्यांचे नग, प्रत्येक पोत्याचं वजन, त्यातून बारदान वजा, मग भाव, मग हमाली-तोलाई वजा आणि सगळ्यात खाली हातात पडायची रक्कम, अशा पट्ट्या लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. हळद हे आठ-नऊ महिन्यांचं पीक. लावण, भांगलण, काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश एवढं सगळं झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात शेवटी जो कागद येतो तो ही पट्टी. त्यामुळे दिवाणजी तिच्यावर घाईनं कधी सही करत नसत.

बेरीज त्यांची तोंडी असे. रकान्यावरून बोट वरून खाली एकदा फिरलं की खाली आकडा पडे आणि तो चुकलेला कोणी पाहिला नव्हता. पण बेरीज मांडण्याआधी ते एक काम करत, त्याची पेठेत थट्टा होई. रकान्यातल्या एकेका आकड्याशेजारी पेन्सिलीनं टिंब देत ते आकडे मोजत. मग हमालांच्या मुकादमाला हाक मारून विचारत, ‘‘किती उतरली रं?’’ मुकादमाचा आकडा आणि टिंबांचा आकडा जुळला की मगच बेरजेची रेघ ओढत.

मालक म्हणत, ‘‘दिवाणजी, तुमची बेरीज कधी चुकत नाही. मग ही टिंबं कशाला?’’

दिवाणजी म्हणत, ‘‘बेरीज चुकत नाही म्हणूनच.’’

मालक हसत आणि चहा सांगत.

दिवाणजींची नात विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकत होती. एका वर्षी फेब्रुवारीत हंगाम भरात आला. सौद्याला दुकानासमोर राजापुरी हळदीच्या थप्प्या लागल्या आणि पट्ट्या लिहिता लिहिता रात्रीचे दहा वाजू लागले. मालकांनी नातीला बोलावून घेतलं. ‘‘ताई, आबांचे डोळे आता थकले. तोलाईदारानं मोबाइलवर वजन टाकलं की इकडं पट्टी छापून बाहेर पडली पाहिजे, असं काही करता येईल का?’’

करता येण्यासारखंच होतं. आठवड्याभरात तिनं प्रोग्राम लिहिला आणि एका संध्याकाळी आबांना समजावून सांगायला बसली.

‘‘आबा, याला ॲरे म्हणतात. एका नावाखाली ओळीनं मांडलेले खण. एका शेतकऱ्याची जेवढी पोती तेवढे खण, आणि एकेका खणात एकेका पोत्याचं वजन. फक्त एक गंमत आहे. पहिल्या खणाचा क्रमांक एक नसतो, शून्य असतो. म्हणजे अडतीस पोती असली तर शेवटच्या खणाचा क्रमांक सदतीस.’’

‘‘बरं,’’ आबा म्हणाले. ‘‘आणि बेरीज?’’

‘‘बेरीज नावाची एक जागा करायची आणि तिच्यात सुरुवातीला शून्य ठेवायचं. मग पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत जायचं. खणात जो आकडा असेल तो त्या जागेतल्या आकड्यात मिळवायचा आणि पुढं सरकायचं. खण संपले की त्या जागेत उरेल ते उत्तर.’’

‘‘मी बोटानं करतो तेच हे. पण सुरुवातीला शून्य कशाला?’’

‘‘काहीतरी ठेवल्याशिवाय पहिलं वजन मिळवणार कशात? आणि शून्य मिळवल्यानं वजनात फरक पडत नाही. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली शून्याचे नियम ग्रंथात मांडून ठेवलेत. शून्य हा बाकीच्या आकड्यांसारखाच पक्का आकडा आहे, आबा.’’

‘‘पक्का आकडा,’’ आबांनी मान हलवली. ‘‘हे ध्यानात ठेव.’’

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम चालवून पाहिला. पहिली तीन पोती ५४, ५२ आणि ५५ किलोंची निघाली. पडद्यावर एकूण वजन आलं ०५४५२५५.

तोलाईदार पोट धरून हसला. ‘‘ताई, तीन पोत्यांत पाच लाख किलो! जहाज मागवा.’’

नातीला कारण लगेच सापडलं. प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये होता. ही भाषा १९९५ साली वेबपानांसाठी घडवली गेली. पानावरच्या चौकटीत माणूस जे टाइप करतो ते ती आधी अक्षरं म्हणून घेते, आणि बेरजेच्या चिन्हाच्या एका बाजूला जरी अक्षरं असली तरी मिळवण्याऐवजी ती दोन्ही एकापुढे एक चिकटवते. शून्याला चोपन्न चिकटले, चोपन्नाला बावन्न, बावन्नाला पंचावन्न. यावरचा उपाय त्या भाषेतच आहे. ‘नंबर’ नावाची सोय वापरली की अक्षरांचा आकडा होतो. नातीनं प्रत्येक खणातलं मूल्य त्या सोयीतून काढायला लावलं आणि बेरीज १६१ आली.

दशांशाचीही काळजी तिनं घेतली. संगणक अपूर्णांक आपल्यासारखे दहाच्या हिशेबात ठेवत नाही, दोनच्या हिशेबात ठेवतो. त्यामुळे ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ असं उत्तर देतो. हळदीच्या पोत्यात हा फरक कोणाला दिसणार नव्हता. तरी तिनं आतला सगळा हिशेब पूर्ण ग्रॅमांत ठेवला आणि छापतानाच त्याचे किलो केले. मालक खूश झाले. पट्ट्या भराभर छापून बाहेर पडू लागल्या.

आबांनी एकच गोष्ट मागितली. ‘‘पट्टीवर नग येऊ देत.’’

‘‘आहेत की आबा. खणांची संख्या प्रोग्रामला आपोआप कळते. तीच नग म्हणून छापते.’’

आबा काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे आता पट्टी लिहायचं काम उरलं नव्हतं. संध्याकाळी काठी टेकत ते थप्प्यांमधून एक फेरी मारत, एवढंच.

मार्चमध्ये वाईकडचा एक शेतकरी टेम्पोनं हळद घेऊन आला. वाई, सातारा, कऱ्हाड करत सांगलीला यायचं म्हणजे दीडेकशे किलोमीटर होतात. तो रात्रीच निघाला होता. अडतीस पोती होती. चांगली पिवळीजर्द हळकुंडं. सौद्यात क्विंटलला पंधरा हजार भाव निघाला आणि तोलाई सुरू झाली. पोतं काट्यावर चढे, तोलाईदार वजन मोबाइलवर टाके, पोत्यावर खडूनं तोच आकडा लिही आणि हमाल ते थप्पीला लावत.

मधेच एक पोतं काट्याकडे नेताना तळाशी उसवलं. मूठभर हळकुंडं जमिनीवर सांडली. मुकादम म्हणाला, ‘‘ह्ये बाजूला ठेवा. दाभण घालून शिवतो, मग तोला.’’ तोलाईदारानं त्या पोत्याची चौकट तशीच सोडली आणि ‘पुढे’ दाबलं. बाकीची पोती तोलून होईतो दुसरा ट्रक दारात उभा राहिला. मुकादमानं पोतं शिवलं, सांडलेली हळकुंडं आत भरली आणि ते थप्पीवर चढवलं. तोलायचं राहिलं हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पट्टी छापली गेली. नग ३८. भरती वजन २०३५ किलो. बारदान पोत्यामागं एक किलो याप्रमाणे ३८ किलो वजा. निव्वळ वजन १९९७ किलो. पंधरा हजारांच्या भावानं २,९९,५५० रुपये, आणि त्यातून हमाली-तोलाई वजा. शेतकऱ्यानं पट्टी दोनदा पाहिली, नगावर बोट ठेवलं, घडी घालून खिशात ठेवली आणि साताऱ्याच्या एसटीनं तो निघून गेला.

संध्याकाळी आबा नेहमीसारखे फेरीला निघाले. वाईकडच्या थप्पीपाशी ते थांबले, काठीनं एकेक पोतं दाखवत पुटपुटले आणि नातीला हाक मारली.

‘‘इथं सदतीसच आहेत.’’

नातीनं लांबूनच सांगितलं, ‘‘आबा, ते शून्यापासून मोजल्यामुळं तसं वाटतं. शेवटचा क्रमांक सदतीस असला तरी पोती अडतीसच.’’

‘‘पोती अडतीसच आहेत,’’ आबा म्हणाले. ‘‘मी पोती मोजत नाही. खडूचे आकडे मोजतोय. ते सदतीस आहेत.’’

ती धावत आली. थप्पीच्या वरच्या रांगेत एका पोत्याचा तळ नव्या सुतळीनं शिवलेला होता आणि त्याच्या अंगावर खडूचा डागही नव्हता. मुकादमानं ते उतरवून काट्यावर ठेवलं. ६१ किलो. थप्पीतलं सगळ्यात जड पोतं तेच होतं.

‘‘जड व्हतं म्हणूनच उसवलं,’’ मुकादम म्हणाला. ‘‘ठासून भरलंय.’’

नातीनं तिथंच आकडेमोड केली. २०३५ आणि ६१ मिळून २०९६, त्यातून बारदान ३८ गेलं की २०५८. रक्कम ३,०८,७०० हवी होती. शेतकरी ९,१५० रुपये कमी घेऊन गेला होता.

‘‘आणखी एक बघ,’’ आबा म्हणाले. ‘‘त्या पोत्यातली हळद तुझ्या प्रोग्रामनं धरली नाही. बारदान मात्र कापलं.’’

नातीचा चेहरा उतरला. ती आत जाऊन प्रोग्राम ओळीओळीनं वाचू लागली. सगळं जिथल्या तिथं होतं. अडतीस खण होते. अडतीसही खणांतून बेरीज गेली होती. एकही खण सुटला नव्हता. मग एका खणापाशी तिचं बोट थांबलं. तो रिकामा होता. तोलाईदारानं सोडलेली ती चौकट. आणि त्या रिकाम्या चौकटीवरूनही तिची ‘नंबर’ची सोय फिरली होती. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या अक्षरांवर ‘नंबर’ चालवलं की उत्तर येतं शून्य. भाषा अडखळत नाही, सूचना देत नाही. पहिली चूक मिटवायला केलेल्या उपायातूनच ही दुसरी चूक जन्माला आली होती.

‘‘पहिली चूक बरी होती, आबा,’’ ती म्हणाली. ‘‘तीन पोत्यांत पाच लाख किलो आले, सगळे हसले आणि मी दुरुस्त केली. ही तर बेरजेत शिरली आणि दिसलीच नाही. सदतीस पोत्यांची बेरीज बरोबर, नग बरोबर, छपाई बरोबर.’’

‘‘नग तू कुठून घेतलेस?’’

‘‘खणांच्या संख्येवरून.’’

‘‘म्हणजे दारं मोजलीस. आत माणूस आहे का हे पाहिलं नाहीस. दारं आणि मुकादमाची पोती जुळणारच, कारण दोन्ही पोत्यांवरूनच आलेली. माझी टिंबं आकड्यांवर असायची. आकडे वेगळे मोजायचे आणि पोती वेगळी मोजायची. दोन वाटांनी येऊन जुळलं तर ते जुळणं.’’ आबा क्षणभर थांबले. ‘‘आणि शून्य हा पक्का आकडा आहे, असं तूच मला सांगितलंस. मग जे पोतं काट्यावर चढलंच नाही त्याला पक्का आकडा कुणी दिला?’’

मालक हे ऐकत उभे होते. म्हणाले, ‘‘अहो दिवाणजी, पण आकडाच नाही म्हटल्यावर बेरजेपुरतं शून्य धरलं तर काय बिघडतं? बेरीज अडून तर बसत नाही.’’

दिवाणजींनी त्यांना बसायला सांगितलं.

‘‘मालक, पावसाळ्यात रोज सकाळी आपण पेपरात काय बघतो? कोयना, नवजा, महाबळेश्वर. पाऊस पडतो सातारा जिल्ह्यात, घाटमाथ्यावर. पाणी येतं कऱ्हाडवरून आपल्या दारात. १०५ टीएमसीचं कोयना धरण किती भरलं आणि आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर आलं, या दोन गोष्टींवर पेठेतली पोती वर चढवायची की खाली ठेवायची हे ठरतं. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तुम्ही पाहिलंय. त्याआधी २००५ च्या पुरात हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत पाणी शिरलं आणि पेवातली हळद गेली, तेही पाहिलंय.’’

‘‘त्याचा इथं काय संबंध?’’

‘‘समजा एका सकाळी नवजाचा आकडा आलाच नाही. फोन लागत नाही, रस्ता बंद, वीज नाही. तुम्ही काय म्हणाल? नवजाला पाऊस शून्य?’’

मालक गप्प झाले.

‘‘शून्य म्हणाल तर घाटमाथ्याची बेरीज कमी येईल आणि तुम्ही निवांत झोपाल. पण आकडा का आला नाही? पाऊस धो धो लागला की तारा, फोन, रस्ते हेच पहिल्यांदा तुटतात. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त पडला तिथलाच आकडा गायब. पेठेतला जाणता माणूस असा दिवस आला की ‘पाऊस नाही’ म्हणत नाही, तो हमाल बोलावतो. हे पोतंही बघा. जड होतं म्हणून उसवलं, उसवलं म्हणून बाजूला ठेवलं, बाजूला ठेवलं म्हणून आकडा राहिला. राहिला तो आकडा सगळ्यात मोठा निघाला. हा योगायोग समजू नका.’’

त्या रात्री नात जागत बसली. आधी तिनं वेगवेगळ्या भाषा रिकाम्या खणाला कशा वागवतात ते तपासलं. पायथनमध्ये खणात ‘काही नाही’ असं मूल्य ठेवून बेरीज मागितली, तर ती भाषा हटून बसली. आकडा आणि ‘काही नाही’ यांची बेरीज होत नाही, असं सांगून काम तिथंच थांबवलं. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्यालाही दोन जाती होत्या. ‘नल’ नावाचं रिकामं मिळवलं तर ते शून्य धरलं जाई. ‘अनडिफाइन्ड’ नावाचं मिळवलं तर उत्तर येई ‘हा आकडा नव्हे’, आणि त्या एका खणानं अख्खी बेरीज नासे. महिन्यापूर्वी तिनं त्याला भाषेचा दोष म्हटलं असतं. आता तिला ते वागणं आवडलं, कारण नासलेली बेरीज कोणी पट्टीवर छापत नाही. एक्सेलमधली बेरीज रिकामी घरं आणि अक्षरांची घरं मुकाट्यानं ओलांडून जात होती. विदासाठ्यांची भाषा एसक्यूएल हीदेखील बेरजेत रिकाम्या नोंदी सोडून देत होती. पण तिथं मोजणी दोन तऱ्हांनी करता येई. सगळ्या ओळी मोजता येत, किंवा एका रकान्यात खरोखर मूल्य असलेल्या ओळीच मोजता येत. त्या दोन संख्यांतला फरक म्हणजे राहिलेली पोती.

आबांची टिंबं तिला तिथं सापडली.

सकाळी तिनं प्रोग्राम बदलला. बेरजेची ओळ होती तशीच ठेवली. तिच्याआधी तीन ओळी घातल्या. खण किती, हे पहिलं. त्यांपैकी वजन असलेले खण किती, हे दुसरं. मुकादमानं वेगळ्या मोबाइलवरून टाकलेली उतरलेल्या पोत्यांची संख्या किती, हे तिसरं. तिन्ही जुळले तरच बेरीज करायची. नाही जुळले तर पडद्यावर लाल अक्षरांत यायचं, ‘३८ पैकी ३७ पोती तोलली. पट्टी निघणार नाही.’ शिवाय कोणतं पोतं राहिलं त्याचा क्रमांकही यायचा, आणि तो शून्यापासून मोजलेला नव्हे, माणसासारखा एकपासून. रिकाम्या खणाला शून्य लिहायची वाटच तिनं बंद केली. शून्य हवं असेल तर तोलाईदारानं स्वतःच्या बोटानं शून्य टाइप करायचं आणि ‘का’ ते खाली लिहायचं.

तोवर मालकांनी शेतकऱ्याला फोन लावला. दिवाणजींनी तो आपल्या हातात घेतला. ‘‘पावणं, तुमचं एक पोतं आमच्याकडनं तोलायचं राहिलं होतं. काल रात्री तोललं. नऊ हजार एकशे पन्नास तुमच्या खात्यावर आज जमा होतील. नवी पट्टी टपालानं पाठवतो.’’

पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. ‘‘दिवाणजी, घरी तोलून भरलं व्हतं मी. एसटीत बसल्यावर मनात आलं, वजन कायतरी कमी भरतंय. पर पोती अडतीस लिवलेली व्हती आन् कागद छापील. छापलेल्या आकड्याला कसं इचारायचं? तुमच्या हातची पट्टी असती तर मागं फिरून इचारलं असतं.’’

दिवाणजींनी हे शब्द नातीला जसेच्या तसे सांगितले. प्रोग्राममधल्या चुकीपेक्षा तिला हेच जास्त लागलं. शाईनं लिहिलेल्या, एखाद-दुसऱ्या ठिकाणी खोडलेल्या पट्टीशी माणूस वाद घालत होता. तिच्या नीटनेटक्या पट्टीनं त्याचं तोंड बंद केलं होतं. तेव्हापासून पट्टीच्या मागच्या बाजूला एकेका पोत्याचं वजन ओळीनं छापून येऊ लागलं, म्हणजे शेतकऱ्याला स्वतःच टिंबं देत जाता यावं.

हंगाम संपत आला तेव्हा मालक एकदा कुरकुरले. दिवसातून चार-पाच वेळा प्रोग्राम अडतो, लाल अक्षरं दाखवतो, मग कोणीतरी पोतं शोधत फिरतं, असं म्हणाले. ‘‘आधीचा बरा होता. पटकन पट्टी यायची.’’

नात म्हणाली, ‘‘काका, दिवसातून चार-पाच वेळा अडतो म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा काहीतरी राहून जात होतं. आधीच्या पट्ट्या पटकन यायच्या. त्यांतल्या किती बरोबर होत्या?’’

मालकांनी हिशेब केला. पेठेत गिऱ्हाईक तुटतं ते असल्याच एका पोत्यावरून, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. आधीच्या सगळ्या पट्ट्या काढायला त्यांनी स्वतःच सांगितलं. नातीनं त्या तपासल्या, जिथं रिकामा खण सापडला तिथं शेतकऱ्याला फोन गेला आणि उरलेली रक्कम जमा झाली. एक-दोघांना आपले पैसे कमी आले होते हेही ठाऊक नव्हतं.

पुढे नात पुण्याला नोकरीला लागली. तिथं तिच्याकडे कामं आली ती सगळी मोठाल्या बेरजांचीच. एकदा टंचाईच्या पाहणीचे आकडे तिच्याकडे आले. माण, खटाव, आटपाडी, जत अशा तालुक्यांतून गावोगाव घरं मोजून आणलेले. कित्येक घरांपुढं पाण्याच्या रकान्यात शून्य होतं आणि बेरीज आधीच झालेली होती. तिनं बेरजेला हात लावला नाही. शून्यं कुणी लिहिली, हे विचारलं. कळलं की पाहणीच्या दिवशी ज्या घरांना कुलूप होतं त्यांच्यापुढं रकाना रिकामा राहिला होता, आणि फॉर्म भरताना तो आपोआप शून्य झाला होता. ती माणसं पाणी नाही म्हणून जनावरं घेऊन दुसरीकडे गेलेली होती. सगळ्यात जास्त गरज त्यांची होती आणि बेरजेत तीच शून्य होती. तिनं ते रकाने पुन्हा रिकामे केले, त्यांची वेगळी संख्या काढली आणि बेरजेशेजारी छापली. एवढ्या घरांचं उत्तर मिळालं, एवढ्या घरांचं मिळालं नाही. वरिष्ठांनी विचारलं की ही दुसरी संख्या कशाला. तिनं आबांचं उत्तर दिलं, ‘‘बेरीज चुकत नाही म्हणूनच.’’

तात्पर्य असं की बेरीज फक्त आलेल्यांची होते. जे आलं नाही त्याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही, आणि तिचं उत्तर नेहमीच पुरं झाल्यासारखं दिसतं. म्हणून बेरीज करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. किती यायला हवे होते? आणि खरोखर किती आले? दोन्हींत फरक निघाला तर तो शून्यानं भरू नये. जाऊन पोतं शोधावं. ते बहुतेक वेळा सगळ्यात जड निघतं.